काका शिडीवरून पडले, अहवालात काय लिहू?

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथलं स्टोअर मी सांभाळते. आम्ही सगळे मिळून ४५ माणसं. मेंटेनन्सला एक काका आहेत, वय ५८, इथं येऊन २६ वर्षं झाली. मी नवीन लागले तेव्हा नटबोल्टचे साइज नुसत्या बोटांनी ओळखायला मला त्यांनीच शिकवलं.

स्टोअरमधला रॅक ११ फूट उंच आहे आणि चढायला ६ फुटी घडीची शिडी, म्हणजे अॅल्युमिनियमचा घोडा. दोन रॅकमधली गल्ली अरुंद, तिथं घोडा पूर्ण उघडत नाही. म्हणून सगळेच तो मिटून रॅकला टेकवतात आणि चढतात. १२ दिवसांपूर्वी काका असेच चढले होते. वरच्या खणातून बेअरिंगचा खोका ओढताना घोडा खालून सरकला आणि ते पडले. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. साहेब म्हणतात, ‘अहवालात कामगाराचा निष्काळजीपणा असं लिही आणि सही कर.’

खरं सांगायचं तर साहेबांचं फार चुकतंय असं मला वाटत नाही. घोड्याच्या एका पायाचं रबर गेलं होतं. तिथं काकांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेनं आवळला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय. हा निष्काळजीपणा नाही तर काय? तरीही सही करायला हात उचलत नाही. परवा काका प्लास्टर घेऊनच चक्कर मारून गेले. मी दोन शब्द बोलले, तर म्हणाले, ‘पोरी, तू शाळेत होतीस तेव्हापासून चढतोय मी या घोड्यावर.’ त्यांना शिस्त कशी लावू? परत आल्यावर त्यांना चढायला बंदी करू का? साहेब नवीन शिडी घ्यायला तयार आहेत, ती कोणती घेऊ?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला तो ट्यूबचा तुकडा दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही तो निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून लिहिलात. मला तो वाचताना नेमकं उलट वाटलं. ज्याला काही पडलेलं नाही, तो माणूस ट्यूब शोधत बसत नाही. काकांनी पाहिलं की रबर गेलंय, अॅल्युमिनियमची उघडी कड फरशीवर टेकतेय आणि ती आज ना उद्या घसरणार. मग त्यांनी ट्यूब कापली, गुंडाळली, तार ओढून पिळली. इलाज चुकीचा होता, यात वाद नाही. गुंडाळलेली ट्यूब वजनाखाली हळूहळू सरकते, तो पाय बाकीच्या तिघांपेक्षा किंचित उंच राहतो आणि घोडा डुगडुगतो. ट्यूबला तेल लागलं की तिची पकडही जाते. पण हा इलाज करणाऱ्या माणसाला धोका दिसला होता. तो दिसल्यावर सांगायचं कोणाला, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारून बघा. तुमच्या कारखान्यात शिडीचं रबर गेलं तर ते कोणाला सांगायचं? नवीन रबरी बूट मागवायची चिठ्ठी कोण लिहितं? तो घोडा कोणत्या खात्याच्या नावावर आहे? लेथ बिघडला तर कोणाला हाक मारायची हे तुमच्याकडच्या पोराटोरांनाही माहीत असेल. घोडा मात्र सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही. खंडेनवमीला लेथला हार पडतो, कंप्रेसरला पडतो, पान्या-पक्कडींनाही हळदकुंकू लागतं. घोडा त्या दिवशी हार बांधायच्या कामी येतो आणि मग परत कोपऱ्यात जातो. मी इतक्या कारखान्यांत गेलो, सगळीकडे हेच पाहिलं.

आणखी एक. २६ वर्षं मेंटेनन्सला काढलेल्या माणसाला तुम्ही सगळ्यांनी मिळून काय शिकवलंय? अडलेलं काम काहीतरी करून चालू करायचं. शिफ्ट चालू असताना पट्टा तुटला आणि काकांनी तो जोडून मशीन चालवली, तर साहेब पाठ थोपटतात. तोच हात, तीच तार आणि तीच बुद्धी घोड्याला लावली, की अहवालात निष्काळजीपणा. काकांना हे बोलून दाखवता येणार नाही कदाचित, पण लागत असणार. ‘तू शाळेत होतीस’ हे वाक्य मला उर्मटपणाचं वाटलं नाही. मोडलेलं मनगट घेऊन स्टोअरमध्ये चक्कर मारायला आलेला माणूस आहे तो.

आता अहवालाचं. इथं मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. पुढे मी ३१ वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं, पण त्याआधी एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतो. रात्रपाळीत पॅकिंगमधली ट्यूबलाइट गेली. हेल्पर पोरगा होता, बावीस-तेवीसचा. मीच त्याला म्हणालो, ‘बदलून घे पटकन.’ मोठी शिडी कुलपात, किल्ली दिवसपाळीच्या माणसाच्या खिशात आणि तो माणूस घरी. पोरानं दोन ड्रमवर फळी टाकली, फळीवर छोटी शिडी ठेवली आणि चढला. पडला तो उभाच, टाचांवर. उंचीवरून पायांवर पडलं की टाचेचं हाड चेचतं, आणि ते पूर्ववत बसवणं डॉक्टरांनाही अवघड जातं. मी अहवालात लिहिलं : कामगार असुरक्षित पद्धतीने चढल्यामुळे अपघात. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या अहवालात किल्ली कुठेच नव्हती. आणि अहवालात नव्हती म्हणून पुढचे चार महिने ती त्याच खिशात राहिली. तो पोरगा नंतर मला जिन्यावर दिसायचा. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी आडवा होऊन उतरायचा. त्यानं मला कधी काही म्हटलं नाही.

म्हणून सांगतो, ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहू नका. तो खोटाच असतो असं नाही, पण तो लिहिला की पुढची चौकशी तिथंच थांबते. साहेबांशी भांडण काढायचीही गरज नाही. तुमची नोकरी तुम्हाला टिकवायची आहे आणि ती टिकवण्यात कमीपणा नाही. साहेबांनी पुन्हा विचारायच्या आधी तुमचा मजकूर तयार ठेवा. त्यात विशेषणं नकोत. ना काकांच्या बाजूनं, ना विरुद्ध. जे झालं तेवढंच. रॅकची उंची इतकी. घोडा ६ फुटी. गल्लीची रुंदी इतकी (टेप लावून मोजा), त्यामुळे घोडा उघडत नाही. म्हणून तो मिटून टेकवला होता. घोड्याच्या एका पायाला मूळचं रबर नव्हतं, ट्यूब गुंडाळलेली होती. फरशीवर तेल होतं किंवा नव्हतं. काढायचा खोका अमुक किलोचा. कामगाराला शिडीबाबत प्रशिक्षण अमुक तारखेला दिलेलं, किंवा दिलेलं नाही. एवढं लिहिलंत की वाचणाऱ्याला दोष कोणाचा हे सांगावं लागत नाही, आणि काय बदलायचं हेही त्यातच येतं. सांगितल्याबरहुकूम दुसराच मजकूर लिहून सही करायची पाळी आलीच, तर सहीखाली ‘सविस्तर तपशील सोबत जोडला आहे’ असं लिहून हा कागद जोडा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

साहेबांची भीती मला कळते. त्यांना वाटतं, कामगाराची चूक असं लिहिलं की आपण सुटलो. तसं होत नाही, आणि हे तुम्ही त्यांना शांतपणे सांगू शकता. काका ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असतील, तर कामावर झालेल्या दुखापतीचे उपचार महामंडळ करतं आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या दिवसांत पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम देतं. चूक कोणाची होती यावर ते अडत नाही. काका ईएसआयमध्ये नसतील, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. साध्या हलगर्जीपणाचं कारण देऊन ती झटकता येत नाही, हे तत्त्व १९२३च्या भरपाई कायद्यापासून चालत आलंय. शिवाय कारखान्यातल्या अपघातानंतर माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. १९४८च्या कारखाने अधिनियमात हे होतं, कामगारांच्या सुरक्षेवरच्या २०२०च्या नव्या संहितेतही आहे. आपल्याकडे हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतं. काकांना घरी बसून १२ दिवस झाले. कळवलं नसेल तर आजच कळवा. उशिरा कळवल्याचा त्रास होतो, पण लपवल्याचा त्याहून जास्त होतो.

आता ‘शाळेत होतीस तेव्हापासून’चं बघू. काका खोटं बोलत नाहीत. त्याच घोड्यावर ते हजारो वेळा चढले असतील आणि काही झालं नसेल. मग त्याच दिवशी का झालं? त्याचं कारण शिडीच्या वागण्यात आहे, आणि ते कळलं की काकांनाही पटेल, कारण ते यंत्रातले आहेत.

टेकवलेल्या शिडीवर माणूस खालच्या पायऱ्यांवर असतो तेव्हा शिडी गप्प उभी राहते. तो जसजसा वर जातो तसतसा शिडीचा पाया बाहेर सरकायला बघतो. त्याला धरून ठेवतं ते फक्त फरशीचं घर्षण. म्हणजे शिडी पहिल्या पायरीवर तुम्हाला इशारा देत नाही, ती सरकते ते तुम्ही वर पोचल्यावर. त्यात कोनाचा हिशोब येतो. शिडी साधारण ७५ अंशांत उभी हवी. त्यासाठी कोनमापी लागत नाही. जिथं वर टेकते ती उंची १२ फूट असेल तर खालचा पाय भिंतीपासून ३ फूट, म्हणजे चारास एक. आणखी सोपं : शिडीच्या पायाला बुटांची टोकं लावून ताठ उभं राहायचं, हात खांद्यासमोर सरळ करायचे. तळवे आरामात दांडीवर टेकले तर कोन बरोबर. शिडी ६० अंशांपर्यंत लवंडली, की तिला जागेवर धरून ठेवायला दुपटीहून जास्त घर्षण लागतं. कोरड्या कोब्यावर ते मिळूनही जातं. कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा) हात लागलेल्या फरशीवर मिळत नाही.

मिटलेला घोडा तर टेकवायलाच नको. त्याच्या पायाचे रबरी बूट उघड्या घोड्याच्या कोनात कापलेले असतात. घोडा मिटून टेकवला की ते सपाट बसत नाहीत, नुसती कड टेकते. तुमच्या घोड्याला तर एका पायाला तीही नव्हती. काकांनी वरच्या खणातला खोका स्वतःकडे ओढला, त्या ओढीनं शरीराचं वजन हललं आणि खालून पाय निसटले. चार-साडेचार फुटांवरून फरशीवर यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात माणूस एकच गोष्ट करू शकतो, हात पुढे करतो. मनगट मोडतं ते त्यामुळे. डोकं आपटलं नाही हे नशीब.

म्हणजे काकांचा अनुभव खरा, पण त्या हजार वेळांपैकी किती वेळा शिडी अगदी सरकायच्या बेतात होती हे त्यांना कधीच कळलं नाही. थोडक्यात वाचलेली वेळ आणि अगदी सुरक्षित असलेली वेळ, दोन्ही वर उभ्या माणसाला सारख्याच वाटतात. हे त्यांना याच शब्दांत सांगा. ‘तुमचं चुकलं’ असं म्हणण्यापेक्षा हे ऐकून घेणं माणसाला जमतं.

‘कोणीतरी खाली धरायला हवं होतं,’ असं तुमच्याकडे आता सगळे म्हणत असतील. शिडी बांधून घेता येत नसेल तेव्हा शेवटचा उपाय म्हणून माणूस उभा करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मोठ्या शिडीचा पाय एकदा निघाला, की खाली उभा असलेला माणूस ती थोपवू शकत नाही. उलट दोघं जखमी होतात. त्या माणसाचं खरं काम म्हणजे शिडी लावताना मदत करणं आणि ती लावलेली असताना खालून ट्रॉली, माणूस किंवा उघडणारं दार येऊ न देणं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, शिस्तीच्या. राग मानू नका ताई, पण मी तुम्हालाच विचारतो : बेअरिंगचे खोके वरच्या खणात कोणी ठेवले?

बेअरिंग जड. मेंटेनन्सला ती सारखी लागतात, बहुतेक घाईतच लागतात, मशीन बंद पडल्यावर. जी वस्तू जड आहे, वारंवार लागते आणि घाईत लागते, ती तुमच्या स्टोअरमध्ये सगळ्यात उंच खणात आहे. त्यामागे दुष्ट हेतू नाही हे मला माहीत आहे. जागा मिळेल तिथं माल लागतो, सगळीकडेच. पण काका चढले ते चढायची हौस होती म्हणून नव्हे. त्यांना हवी असलेली वस्तू तिथं होती म्हणून चढले. आणि वस्तू कुठं ठेवायची हे तुमच्या हातात आहे. या एका गोष्टीसाठी तुम्हाला साहेबांची सही नको आणि काकांची शिस्तही नको.

एक शनिवार दुपार काढा. इश्यू रजिस्टर उघडा आणि गेल्या तीन महिन्यांत कोणती वस्तू किती वेळा गेली ते बघा. जास्त जाणाऱ्या आणि जड वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या खणांत आणा. वर ठेवा ते वर्षातून एकदा लागणारं : जुनी रेकॉर्ड, रिकामे क्रेट, थर्माकोल. माझा अंदाज आहे, चढायच्या दहा वेळांतल्या सात-आठ तिथंच संपतील. उंचीवरच्या कामाचा पहिला नियमच हा आहे, की वर जायची गरज खालीच मिटवता येते का ते बघा. ट्यूबलाइटसाठीही तेच. साखळीनं खाली घेता येणारं फिटिंग मिळतं, लांब काठीला ब्रश बांधून जाळी काढता येते. शिडी त्यानंतर येते.

तरी काही वेळा चढावं लागेलच. त्यासाठी नवीन शिडी. दुकानात जायच्या आधी गल्लीची रुंदी मोजा. इथंच सगळे फसतात. छान घोडा येतो आणि पहिल्या दिवशी कळतं की हाही उघडत नाही. गल्लीत मावत असेल तर स्टोअरसाठी चाकांची प्लॅटफॉर्म शिडी घ्या. वर उभं राहायला फळी, तिला कठडा, आणि माणूस चढला की चाकं लॉक होतात. खोका दोन्ही हातांनी धरायचा असेल तर दुसरं काही चालत नाही, कारण साध्या शिडीवर दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले हवेत. खोका धरला की हा नियम मोडलाच. गल्ली फारच अरुंद असेल, तर रॅकच्या वरच्या कडेला दांडा बसवून त्यात अडकणारी सरकती शिडी करून मिळते. किंवा एक रॅक फूटभर मागे घ्या. फुकट होतं.

उंची अशी घ्या, की घोड्याच्या वरच्या दोन पायऱ्या रिकाम्या ठेवूनही हात पोचेल. ६ फुटी घोड्यावर पाय जेमतेम ४ फुटांवर असायला हवेत. त्यावरून ११ फुटी रॅकचा वरचा खण काढणं म्हणजे डोक्यावरून वजन ओढणं, तेही टाचा उचलून. शिडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा माणूस, हत्यारं आणि माल मिळून असते. काकांना विजेचंही काम असेल, तर त्यासाठी फायबरची वेगळी शिडी घ्या आणि अॅल्युमिनियमची शिडी विजेच्या कामाजवळ नेऊच नका. लाकडी शिडी कोरडी असेल तोवर ठीक, ओली झाली की तीही वीज वाहून नेते. विक्रेत्याला भारतीय मानकाबद्दल विचारा; आयएस ३६९६चा दुसरा भाग शिड्यांवरच आहे. त्याला माहीत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

आणि नवीन शिडी आली की जुना घोडा कोपऱ्यात ठेवू नका. भंगारात तसाच देऊही नका, कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी पायाखाली जाईल. करवतीनं मधून कापा आणि मग द्या. हे काम काकांच्या हातानं करून घ्या, प्लास्टर निघाल्यावर.

त्यांच्यावर बंदी? सरसकट नको. ५८ वय म्हणजे म्हातारपण नव्हे. पण काही गोष्टी वयानं येतात आणि त्या विचारायला लाजू नये. बीपीची गोळी चालू आहे का, उठताना चक्कर येते का, चष्मा दुहेरी भिंगाचा आहे का. दुहेरी चष्म्याच्या खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते आणि उतरताना शेवटची पायरी चुकते. खूप माणसं तिथंच पडतात, जमीन आली असं समजून. मनगट सांधल्यावरही काही आठवडे पकड कच्ची राहते, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत चढणं नाहीच. हे नियम फक्त काकांना लावले तर ते अपमानच समजतील, आणि बरोबरच समजतील. सगळ्यांना लावा. चप्पल घालून कोणीच चढायचं नाही, मग तो साहेबांचा मुलगा असला तरी. तुम्ही स्वतः चढत असाल तर ओढणी सोडून ठेवा किंवा ॲप्रनच्या आत खोवा.

काकांना मी दुसरं काम देईन. शिड्यांची जबाबदारी त्यांच्या नावावर करा, अगदी लेखी. प्रत्येक शिडीला रंगानं नंबर, आणि तिला टांगलेलं एक कार्ड. महिन्यातून एकदा नीट बघायचं : रबरी बूट चारही आहेत का, पायरी हातानं पिळून हलते का, रिव्हेट सैल आहेत का, उभ्या दांड्याला पोचा किंवा वाक आहे का, मधली पट्टी पूर्ण ताणून बसते का, ग्रीस-ऑइल लागलंय का. फायबरच्या शिडीवर हात फिरवल्यावर काचेची कुसळं टोचायला लागली, तर उन्हानं वरचा थर गेलाय असं समजा. म्हणून ती सावलीत, भिंतीला दोन-तीन खुंट्यांवर आडवी टांगून ठेवायची. लाकडी शिडीला रंग कधीच मारायचा नाही. रंगाखाली चीर झाकली जाते. पारदर्शक वार्निश किंवा अळशीचं तेल चालतं. काही बिघाड दिसला की शिडी लगेच बाजूला काढायची, लाल फडकं बांधायचं, कार्डावर तारीख. ‘आजचा दिवस चालवून घे’ म्हणायचा अधिकार कोणालाच नाही, साहेबांनाही नाही. रबरी बुटांचे दोन जादा संच तुमच्या स्टोअरमध्ये कायम ठेवा. ते नव्हते म्हणून तर ट्यूब आली.

पोरांना दांडी पिळून बघायला काका शिकवतील. तुम्हाला बोटांनी साइज ओळखायला ज्यांनी शिकवलं, त्यांना हे सांगावं लागणार नाही.

तुमच्यासारख्या बाकी वाचकांसाठी दोन शब्द. शिडीचे अपघात फक्त कारखान्यात होत नाहीत. दिवाळीच्या आधी ऑफिसात शिपाईदादा चाकाच्या खुर्चीवर चढून पंखा पुसतात, शाळेत टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर माणूस. सोसायटीत टाकीवर जायची शिडी वरच्या कडेच्या बरोबर संपते. ती कडेपासून निदान ३ फूट वर आलेली आणि वर बांधलेली हवी, नाहीतर टाकीवरून परत शिडीवर पाय ठेवताना धरायला काहीच नसतं. मंडळाची पोरं गणपतीची तोरणं लावताना अॅल्युमिनियमची उंच शिडी उभीच उचलून रस्त्यानं नेतात, वर विजेच्या तारा असतात. शिडी नेहमी आडवी न्यायची, दोघांनी. आणि कोणी पडलंच तर त्याला हाताला धरून उभं करू नका, पाणीही पाजू नका. मान-पाठ दुखते म्हणाला तर हलवू नका, १०८ला फोन करा. डोक्याला मार लागलेला माणूस ठीक दिसला, तरी पुढच्या काही तासांत उलटी झाली, झापड आली किंवा बोलणं अडखळलं तर लगेच दवाखाना.

ताई, एक काम उद्याच करा. तो घोडा अजून गल्लीतच असेल, आणि पत्रावरून वाटतं की पोरं अजून त्यावरच चढतायत. तो आधी कुलपात घाला. त्याआधी ट्यूब आणि तारेचा फोटो काढा, जवळून, बाजूला टेप ठेवून. तार कशी पिळली आहे ते दिसू द्या. तो फोटो अहवालाला जोडा आणि खाली लिहा : रबर नसल्याचे कामगाराच्या लक्षात आले होते, बदलीचे रबर स्टोअरमध्ये उपलब्ध नव्हते. मग सही करा.